लाव्हा लॅम्पचे बूच पुन्हा बसवताना

जुन्या वस्तूंची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येथे न्यू जर्सीत एका घरासमोरच्या विक्रीत मला शिकागोत तयार झालेला जुना लाव्हा लॅम्प (बाटलीतल्या पाण्यात रंगीत मेणाचे गोळे वर-खाली होत राहणारा शोभेचा दिवा) मिळाला. सोनेरी बैठक उत्तम स्थितीत आहे, पण बाटलीतील पाण्याची पातळी चार बोटे खाली गेली होती आणि दिवा लावल्यावर मेण एकदा वर गेले की तेथेच तरंगत राहत असे. वरची शोभेची टोपी काढली, तर आत सोड्याच्या बाटलीला असते तसे पत्र्याचे बूच निघाले. ते मी ओपनरने काढले आणि थोडे पाणी भरले. आता बाटली पुन्हा बंद कशी करावी? एका मित्राने सिलिकॉन लावून टाकण्याचा सल्ला दिला आहे. – एक वाचक, एडिसन

उत्तर : सिलिकॉन लावू नये. त्याचे कारण पुढे येईलच, परंतु आपल्या बाटलीत नेमके काय बिघडले आहे ते आधी समजून घ्यावे, कारण बूच कशासाठी हवे हे त्यावरूनच कळते.

साधे पॅराफिन मेण पाण्यापेक्षा हलके असते आणि पाण्यावर तरंगते. लाव्हा लॅम्प चालण्यासाठी ते थंड असताना पाण्याहून किंचित जड आणि तापल्यावर किंचित हलके व्हावे लागते. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या पूल या गावी एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी 1963 साली हे दिवे बाजारात आणले, तेव्हा मेणाला जडपणा देण्यासाठी त्यात कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रावक मिसळले जाई. त्यांच्या पेटंटमध्येही त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत 1970 साली या द्रावकाचा घरगुती वस्तूंतील वापर बंद झाला. त्यानंतर मेण जड करण्यासाठी दुसरी क्लोरीनयुक्त द्रावके वापरात आली. ही सगळीच उडून जाणारी आहेत. कार्बन टेट्राक्लोराइड 77 अंशांच्या आसपास उकळते. ते मेणात मुरलेले आणि वर पाण्याचा थर असला, तरी पाण्यात थोडे विरघळून, पृष्ठभागापर्यंत येऊन, सैल बुचाखालून वर्षानुवर्षे निसटत राहते. त्याच वाटेने पाण्याची वाफही जाते. पाण्यात विरघळवलेले क्षार किंवा ग्लायकॉल (पाण्यात मिसळणारा एक दाट द्रव) मात्र मागेच राहतात, त्यामुळे उरलेले पाणी अधिकाधिक दाट होते. म्हणजे मेण हलके होत जाते आणि पाणी जड होत जाते, आणि मग एकदा वर गेलेले मेण खाली येत नाही. चार बोटे घटलेली पातळी आणि वर अडकलेले मेण हे आपण सांगितलेले दोन दोष एकाच गळतीतून आलेले आहेत. बूच एरवी पाणी सांडू नये म्हणून असते. येथे मात्र त्याचे मुख्य काम वाफ अडवण्याचे आहे, आणि म्हणूनच जे बंद करणे डोळ्यांना पुरेसे वाटते ते या बाटलीला पुरत नाही.

आता सिलिकॉनविषयी. हार्डवेअरच्या दुकानातील नेहमीचे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते. नळीतून बाहेर येताच व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. बंद बाटलीच्या तोंडाशी ते सुकले की ते आम्ल आतही जाते आणि बुचाचा पत्राही खाते. शिवाय सुकलेल्या सिलिकॉनमधून वाफ आणि द्रावक बऱ्याच सहजपणे आरपार जातात. म्हणजे पाणी अडते, पण ज्यासाठी बूच आहे ते काम होत नाही. इपॉक्सीच्या लुकणाचा दोष वेगळा आहे. काच आणि पत्रा तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, दिवा रोज तापतो आणि निवतो, आणि कडक झालेले लुकण काही महिन्यांत केसभर तडकते. त्याहून वाईट म्हणजे अशी बाटली पुढे कोणालाही उघडता येत नाही. रबरी बूच पॅराफिन आणि द्रावकांमुळे फुगून मऊ पडते. लाकडी बुचाचा रंग पाण्यात उतरतो. माझे मत विचाराल तर जे बूच कारखान्यात होते त्याच जातीचे नवे बूच यंत्राने दाबून बसवणे हाच एक मार्ग आहे, बाकीचे सर्व उपाय तात्पुरते आहेत.

बूच बसवण्याआधी बाटलीच्या तोंडाकडे पाहावे. काचेच्या कडेवर जुन्या बुचाच्या गंजाची तपकिरी रेषा आणि मेणाचा पातळ थर हमखास असतो. गंजावर पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा काही मिनिटे ठेवून लाकडी काडीने खरवडावे. मेणाचा थर भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने, तरीही राहिल्यास व्हाइट स्पिरिटच्या (रंग पातळ करण्याच्या द्रावकाच्या) चिंधीने पुसावा, पण थेंब आत जाऊ देऊ नये. कड कोरडी झाल्यावर तिच्यावरून नखाची धार सावकाश गोल फिरवावी आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाकावा. ओपनरने बूच काढताना कडेचा टवका उडतो, तो असा सापडतो. टवका फक्त बाहेरच्या अंगाला असेल आणि बुचाचे अस्तर टेकते त्या वरच्या सपाट पट्टीला छेदत नसेल, तर बाटली वापरता येईल. पट्टी आडवी छेदली गेली असेल तर कोणतेही बूच तेथे वाफ धरणार नाही, आणि काच घासून सपाट करण्याचा प्रयत्न घरी करू नये. एका जागी जोर लावून उपटण्याऐवजी सगळीकडून थोडे थोडे उचलत बूच काढले असेल, तर बहुधा ही वेळ येत नाही.

काढलेले बूच परत वापरू नये. त्याचे दाते एकदा उलगडले की पुन्हा पूर्वीसारखे आवळत नाहीत आणि आतले अस्तरही दबलेले असते. नवी बुचे घरी बीअर करणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. बाटलीच्या तोंडानुसार बुचांची दोन मापे असतात, 26 आणि 29 मिलिमीटर. अमेरिकन बाटल्यांना बहुधा 26 चे लागते, तरीही काचेची कड व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या कॅलिपरने) मोजून घ्यावी. आत प्लास्टिकचे अस्तर असलेले साधे बूच पुरेसे आहे. प्राणवायू शोषणाऱ्या बुचांना जादा पैसे देण्याची येथे काही गरज नाही.

आता किती भरावे, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. बहुतेक लोक बाटली गळ्यापर्यंत भरतात, कारण तशी ती भरलेली दिसते. परंतु पाणी 25 वरून 55 अंशांपर्यंत तापले तर सुमारे एक टक्क्याने वाढते, आणि मेण वितळताना दहा टक्क्यांच्या आसपास फुगते. दीड लिटरच्या बाटलीत 1200 मिलिलिटर पाणी आणि 300 मिलिलिटर मेण आहे असे धरले, तर वाढ साधारण 45 मिलिलिटर होईल. बुचाखाली हवेला 50 मिलिलिटर जागा ठेवली असेल तर ती हवा 5 मिलिलिटरमध्ये दाबली जाईल आणि दाब दहापटीवर जाईल. शंभर मिलिलिटर जागा असेल तर तोच दाब दुपटीच्या आसपास राहील. ही बाटली सोड्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेली नाही. म्हणून पातळी थंड बाटलीवर ठरवू नये. दिवा पूर्ण तापलेला आणि मेण फिरत असताना पाणी शोभेच्या टोपीच्या खालच्या कडेपर्यंत यावे, त्याच्या वर येऊ नये. मग थंड झाल्यावर टोपीखाली रिकामी पट्टी दिसेल. ती दिसायलाच हवी.

हे साधण्यासाठी क्रम असा ठेवावा. उकळून निवलेले डिस्टिल्ड पाणीच वापरावे. उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून जाते, नाहीतर दिवा तापला की तिचे बुडबुडे मेणाला चिकटतात. आपल्या बाटलीत आधीचे पाणी दाट झालेले असल्याने डिस्टिल्ड पाणी घालताच काही अंशी दुरुस्ती होईल, मात्र ते एकदम न ओतता काठावरून थोडे थोडे सोडावे. नवे बूच न दाबता नुसते तोंडावर टेकवून दिवा दोन-तीन तास चालवावा आणि मेण वर-खाली होते का ते पाहावे. अजूनही वर अडकत असेल तर नळीने थोडे जुने पाणी काढून तेवढेच डिस्टिल्ड पाणी घालावे. उलट मेण तळाशीच बसून राहिले तर पाणी फार हलके झाले आहे, अशा वेळी किंचित मीठ किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. मीठ घालायचे तर आधी पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घालावे, कारण एक टक्का मिठाने घनता पाऊण टक्क्याच्या जवळपास वाढते आणि येथे सगळा खेळ त्याहून लहान फरकांचा आहे. पाणी बदलूनही मेण खाली येतच नसेल तर त्यातले द्रावक गेलेले असते. ते घरी परत घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

हे सारे काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून करावे, कारण आपला दिवा 1970 पूर्वीचा असेल तर मेणात कार्बन टेट्राक्लोराइड असू शकते आणि ते यकृताला घातक आहे. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. एका बाटलीत साठवून काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्यावे. तळाशी तारेचे कडे असेल तर ते टाकून देऊ नये. खाली येणारे गोळे त्याच्यामुळेच एकमेकांत मिसळतात.

पातळी जमली की दिवा बंद करून मेण थिजून बसेपर्यंत थांबावे. काच तळहाताला कोमट लागत असतानाच बूच दाबले तर अधिक चांगले, कारण पूर्ण निवल्यावर आत थोडी ओढ निर्माण होते आणि बूच कडेवर घट्ट बसते. कड पुन्हा एकदा कोरड्या कापडाने पुसावी, बूच मध्यावर ठेवावे आणि यंत्राचा दांडा एका दमात शेवटपर्यंत दाबावा. बाटली पाव फेरा फिरवून पुन्हा एकदा हलकेच दाबले तर एका बाजूला राहिलेले दाते जुळतात. बसलेले बूच बोटांनी फिरवून पाहावे, ते मुळीच फिरता कामा नये. व्हर्नियर असेल तर मोजावे. 26 च्या बुचाचा घेर बसवण्याआधी 32 मिलिमीटर व्यासाचा असतो, नीट आवळल्यावर तो सगळीकडून 28.6 ते 28.8 च्या दरम्यान यायला हवा. 29 च्या पुढे आकडा आला तर बूच सैल आहे असे समजावे, भले ते हाताला घट्ट लागो.

शेवटची परीक्षा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर होते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर थंड बाटलीचे वजन करून लिहून ठेवावे. दिवा नेहमीप्रमाणे वापरावा आणि दर आठवड्याला पुन्हा वजन करावे. वजन स्थिर राहिले तर काम झाले. आठवड्याला दोन-तीन ग्रॅम घटत असतील तर बूच काढून दुसरे बसवावे. पातळी डोळ्यांना खाली गेलेली दिसेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही, तोवर बरेच काही उडून गेलेले असते.

प्रश्न : माझ्या काकांनी इंग्लंडहून आणलेला क्रेस्टवर्थ या वॉकर यांच्या कंपनीचा दिवा आमच्याकडे पुण्यात आहे. बाटलीला पत्र्याचेच बूच आहे, पण ते बसवण्याचे यंत्र येथे कोठे मिळेल? रस्त्यावरच्या सोडावाल्याकडून काम होईल का? – एक वाचिका, पुणे

उत्तर : गोटीच्या सोड्याच्या यंत्राचा येथे उपयोग नाही, कारण त्यात बूचच नसते. आपल्याला क्राउन बूच, म्हणजे हेच दातेरी पत्र्याचे बूच, बसवण्याचे हातयंत्र हवे. सरबते, स्क्वॅश आणि सॉस काचेच्या बाटल्यांत भरणारे लघुउद्योग ते वापरतात. कोकणात आमसुलाचे आणि कैरीचे सरबत भरणाऱ्या बचत गटांकडे, तसेच फळप्रक्रियेचे शिक्षण देणाऱ्या केंद्रांत ते पाहायला मिळते. बाटल्या आणि पॅकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत ‘क्राउन कॉर्किंग मशीन’ असे विचारावे. एका बाटलीसाठी ते विकत घेण्यापेक्षा अशा उद्योगात जाऊन दोन मिनिटे मागून घेणे शहाणपणाचे.

यंत्राचे दोन प्रकार आहेत. एक दोन दांड्यांचे, हातात धरायचे. ते बाटलीच्या गळ्याभोवती काचेची जी जाड कड असते तिला खालून पकडून बूच दाबते. गळ्याला तशी कड नसेल तर ते निसटते आणि काच टवकते. दुसरे टेबलावर ठेवायचे, उभ्या दांड्याचे, वरून सरळ दाबणारे. लाव्हा लॅम्पच्या निमुळत्या बाटलीसाठी हे दुसरेच वापरावे आणि त्याचा दांडा बाटलीच्या उंचीला जुळवून घ्यावा. बाटलीच्या तळाखाली जाड रबराचा तुकडा ठेवावा.

माप येथे अधिक काळजीने पाहावे लागते, कारण युरोपात 29 मिलिमीटरची बुचेही चालतात आणि भारतात सहज मिळतात ती 26 ची असतात. लहान बूच मोठ्या तोंडावर जोर लावून बसवले तर कड फुटते. मोठे बूच लहान तोंडावर बसल्यासारखे दिसते, पण धरत नाही, आणि ही दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही म्हणून अधिक वाईट. यंत्र मागून घ्यायला जाताना बाटली थंड आणि उभी न्यावी. गाडीत ती हलली आणि मेण पातळ असेल तर सगळे पाणी दुधाळ होईल. आणखी एक : क्रेस्टवर्थचेच पुढे 1992 पासून मॅथमॉस हे नाव झाले आणि ती कंपनी आजही दिवे करते. आपली जुनी बाटली अगदीच हाताबाहेर गेली तर नवी मिळण्याची शक्यता तेथे आहे, पण बैठकीच्या मापाला ती बसते का हे आधी विचारावे.

प्रश्न : शिकागोहून आलेला लॅम्प दुरुस्त केला, बूचही बसवून घेतले. तो नाशिकला आपल्या विजेवर चालेल का? बल्ब जळण्याची धास्ती वाटते म्हणून एलईडी लावू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एलईडी लावल्यास दिवा दिसेल, चालणार नाही. मेण वितळवायला लागणारी उष्णता तारेच्या बल्बमधूनच येते. अमेरिकेतील बल्ब 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टवर लावला तर क्षणात जातो. बैठकीला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर जोडून मूळचाच बल्ब वापरणे सर्वांत सरळ आहे. दुसरा मार्ग म्हणजे आटे जुळणारा 230 व्होल्टचा, पण वॅट तेवढेच असलेला बल्ब लावणे. त्यासाठी वायर, प्लग आणि सॉकेट 230 व्होल्टला चालणारे आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण जुन्या बैठकींची वायर कडक होऊन फुटलेली असते. वॅट किती हे बैठकीच्या आत छापलेले असते आणि त्यात मनाने वाढ करू नये. चाळीसच्या जागी साठचा बल्ब लावला की मेण अधिक झपाट्याने फिरेल असे वाटते, प्रत्यक्षात पाणी अपेक्षेपेक्षा तापते आणि आपण मोजून ठेवलेली हवेची जागा पुरत नाही. बूच नव्याने बसवलेल्या बाटलीच्या बाबतीत हे विशेष पाळावे.

मेण पातळ होत नाही म्हणून बाटली गॅसवर ठेवण्याचा विचारही मनात आणू नये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील केंट येथे 2004 साली एका तरुणाने असा दिवा शेगडीवर तापवला, बाटली फुटली आणि काचेचा तुकडा छातीत घुसून त्याचा मृत्यू झाला.

प्रश्न : बूच घट्ट बसले आहे, वजनही घटत नाही, पण पाणी गढूळ दिसते. पुन्हा उघडावे का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : उघडू नये. बूच दाबताना बाटली हलली असेल आणि मेणाचे बारीक कण पाण्यात पसरले असतील. दिवा चार-पाच तास चालवून पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि हे काही दिवस रोज करावे. कण हळूहळू मोठ्या गोळ्यात परत मिसळतात. बाटली ऊन येणाऱ्या खिडकीत असेल तर तेथून हलवावी, कारण उन्हाने पाण्याचा आणि मेणाचा रंगही उडतो. पंधरा-वीस दिवसांत काहीच फरक पडला नाही आणि गढूळपणा दुधासारखा सर्वत्र सारखा असेल, तर मात्र पाणी बदलावे लागेल, आणि त्याबरोबर बूचही नवेच लागेल. म्हणून बुचे घेताना एकाऐवजी पाच-सहा घेऊन ठेवावीत.